भाता फाटका, सूर जर्मन

पाटोद्याच्या आठवडी बाजारात भाव विचारणे आणि वस्तू विकत घेणे यांचा एकमेकांशी फारसा संबंध नसतो. ‘कशी दिली वांगी?’ या प्रश्नात वांग्यांची गरज असेलच असे नाही. तुमच्याकडे पाऊस झाला का, पोरगी नांदायला गेली का, कारखान्याला कधी निघणार, अशा पुष्कळ चौकशा त्या एका प्रश्नात बसतात. बीड जिल्ह्यातल्या या तालुक्यात मी बँकेच्या नोकरीनिमित्त १९८८ ते १९९२ अशी चार वर्षे काढली. मांजरा नदी याच तालुक्यातल्या बालाघाटच्या डोंगरात उगम पावते आणि पाणी मात्र पुढच्यांना देते. पाटोद्याकडे उगमाचा मान तेवढा राहिला आहे. सौताड्याला विंचरणा नदीचा धबधबा आहे, तो पावसाळ्यात पाहावा. एरवी तालुका कोरडाच. दसरा-दिवाळी झाली की गावेच्या गावे ऊसतोडीला निघतात आणि चैत्राच्या आगेमागे परततात. ही ये-जा ध्यानात ठेवल्याशिवाय इथला कुठलाही भाव कळत नाही. जुन्या वस्तूचा तर नाहीच नाही.

जुन्या वस्तू म्हणजे बैल, बैलगाडी, इंजिन, शिलाई मशीन, सायकल. या सगळ्यांची खरेदी-विक्री मी जवळून पाहिली, काहींच्या तारणावर कर्जे दिली. पण घासाघिशीचा खरा अभ्यास घडला तो पेटीमुळे. पेटी म्हणजे हार्मोनियम, तिजोरी नव्हे. हा खुलासा एवढ्यासाठी, की बँकेतल्या माणसाने ‘पेटी’ म्हटले की समोरच्याच्या डोळ्यांसमोर भलतेच काही येते.

पाटोद्यासारख्या कोरड्या तालुक्यात पेट्यांची उलाढाल कशी काय, असा प्रश्न पुण्या-मुंबईच्या वाचकाला पडेल. उत्तर सोपे आहे. हा सप्ताहांचा मुलूख आहे. वामनभाऊंचा गहिनीनाथगड याच तालुक्यात, भगवानबाबांचे जन्मगाव सावरगावही याच तालुक्यात. गाव कितीही लहान असो, वर्षाकाठी एक हरिनाम सप्ताह ठरलेला. सप्ताह म्हटला की वीणा, टाळ, मृदंग आले आणि आता पेटीही आली. वास्तविक वारकऱ्यांच्या कीर्तनात पेटी ही फार उशिराची पाहुणी. पॅरिसच्या अलेक्झांडर डेबेन याने १८४२ साली हार्मोनियमचे पेटंट घेतले. ते वाद्य पायाने भाता मारून खुर्चीवर बसून वाजवायचे. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी त्याला मांडी घालून बसायला शिकवले, म्हणजे हातभात्याची पेटी केली. आपल्याकडे गोविंदराव टेंबे यांच्यासारख्यांनी तिला प्रतिष्ठा दिली. तरीही १९४० साली आकाशवाणीने तिच्यावर बंदी घातली आणि ती सैल व्हायला १९७१ उजाडावे लागले. पेटीला मींड येत नाही, श्रुती येत नाहीत, ती परदेशी आहे, असे आक्षेप होते. बालाघाटावरच्या भजनी मंडळांना या वादाची खबरही नव्हती. त्यांना रात्रभर एका पट्टीत गळा धरून ठेवणारे काहीतरी हवे होते. आमच्या मराठवाड्यातल्या जालन्याकडच्या अप्पा जळगावकरांनी पुढे याच वाद्यावर देशभर नाव काढले, तेव्हा आक्षेपांचे काय ते झालेच.

नवी पेटी घेण्याची ऐपत मंडळांना क्वचित असे. म्हणून जुनी शोधायची. सप्ताह महिन्यावर आला की शोधाशोध सुरू होई, आणि अर्थात विकणाऱ्याला ते अगोदर कळे.

आता या व्यवहारातली खुमारी सांगतो. बँकेत आम्हांला घसारा शिकवतात. वस्तू जुनी झाली की दरवर्षी तिची किंमत ठरावीक टक्क्यांनी उतरते, शेवटी शून्य होते. बैलालाही हे लागू पडते आणि इंजिनालाही. पेटी मात्र हा हिशेब मानत नाही, कारण ती एक वस्तू नसून दोन वस्तू आहेत. एक भाता आणि दुसरी सूर. भाता म्हणजे कापड, पुठ्ठा, चामडे. त्याला उंदीर लागतो, पावसाळ्यात तो सर्द होतो, घड्यांवर चिरतो. तो खरोखरच दरसाल उतरतो. सूर म्हणजे आतल्या पितळी पट्ट्या. त्या जर जुन्या जर्मन किंवा पॅरिसच्या असतील तर चाळीस-पन्नास वर्षे सुरात राहतात आणि पुन्हा तशा मिळत नाहीत. पुढच्या काळातले बहुतेक सूर गुजरातेतल्या पालिताण्याचे. त्यांतही चांगले असतात, पण ‘जर्मन’ हा शब्द उच्चारला की भाव चढतो तो चढतोच.

तेव्हा विकणारा सुरांविषयी बोलणार आणि घेणारा भात्याविषयी. तासभर दोघे आपापल्या वस्तूचे बोलत राहतात. हा म्हणतो, ‘जर्मन सूर हाय, ऐका तर खरं.’ तो म्हणतो, ‘सूर ऐकायला आधी वारा तर ऱ्हायला पायजे.’ आणि वर प्रत्येक जुनी पेटी पूर्वी कुठल्या तरी नाटक कंपनीतच असते! मी चार वर्षांत ज्या पेट्या पाहिल्या त्या सगळ्या खऱ्या धरल्या तर त्या कंपन्यांच्या रंगमंचावर नटांना उभे राहायला जागा उरली नसती.

जाणता घेणारा मात्र बोलण्याआधी तपासतो. पाटोद्याजवळच्या एका खेड्यातले एक भजनी बुवा यात पटाईत होते. त्यांची पद्धत मी शिकून घेतली. पहिल्यांदा सगळे सूर बंद ठेवून भाता भरायचा आणि हात सोडायचा. भरलेला भाता किती वेळ तग धरतो ते पाहायचे. लगेच बसला तर कुठेतरी गळती आहे. मग सूर उघडायचे, पण पट्टीला हात न लावता भाता मारायचा. पट्टी न दाबताच एखादा सूर बोंबलला, तर आतली स्प्रिंग गेली किंवा चामडे उंदराने नेले. मग एकेक पट्टी, काळी-पांढरी, खालून वर. साडेतीन सप्तकांच्या बेचाळीस पट्ट्या बुवा इतक्या सावकाश दाबत, की विकणाऱ्याचा अर्धा धीर तिथेच सुटे. सर्वांत शेवटी झाकण काढून सुरांवरच्या खुणा पाहायच्या. पितळी पट्टी टोकाकडे घासली की सूर चढतो, मुळाकडे घासला की उतरतो. वारंवार घासलेला सूर पातळ होऊन एके दिवशी तुटतो. ‘हिला लई जणांनी शहाणं केलंय’ असे ते म्हणत. आणि स्केल चेंजरची पेटी दिसली की हात जोडत. सगळा पट सरकवणारी ती यंत्रणा बिघडली तर दुरुस्तीला बीड नाही तर नगर गाठावे लागे.

एवढे सगळे झाल्यावर भाव. आणि तोही सरळ नाही. ‘काय द्यायचं?’ ‘तुमीच सांगा.’ ‘वस्तू तुमची, तुमी सांगा.’ ‘घेणार तुमी, तुमी सांगा.’ हे जे चालते ते नुसती ओढाताण नव्हे, त्यामागे हिशेब आहे. पहिला आकडा ज्याच्या तोंडून गेला त्याचा एक हात बांधला गेला. विकणाऱ्याने हजार म्हटले की अकराशे मिळण्याची वाट बंद झाली. म्हणून पहिला आकडा काढायला तिसरा माणूस लागतो. बैलबाजारात तो दलाल असतो. हिरापूर, नेकनूर इथल्या बैलबाजारांत ज्यांनी सौदे पाहिले आहेत त्यांना रुमालाखालचा व्यवहार ठाऊक असेल. दलाल रुमाल टाकतो, त्याखाली बोटे धरतो. एक बोट म्हणजे एक, पंजा म्हणजे पाच. शेकडा की हजार, ते जनावराकडे पाहून दोघांना समजलेले असते. भोवती वीस माणसे उभी असतात, त्यांना चेहरे दिसतात, आकडा कळत नाही. शेतमालाच्या बाजारात याला हत्ता पद्धत म्हणत. तिच्यात शेतकरी नागवला जातो म्हणून बाजार समित्यांच्या कायद्याने उघड लिलावाचा आग्रह धरला, आणि ते योग्यच झाले. धान्याच्या ढिगाला अब्रू नसते, त्याचा भाव चारचौघांत झालेला बरा. पण बैल विकणाऱ्या माणसाला अब्रू असते. किती कमी किमतीला आपण जनावर सोडले हे वीस जणांना कळू नये, एवढी सोय त्या रुमालात होती. मला त्या रुमालाविषयी कायद्यापेक्षा थोडी जास्त माया आहे, हे कबूल.

जुनी माणसे भावाचा आणखी एक पेच सांगत. निजामाच्या राज्यात हाली रुपया चाले, इंग्रजी मुलखातला तो कल्दार. सात हालीचे सहा कल्दार, असा सर्वसाधारण दर. पाटोद्याच्या पश्चिमेला थोडे गेले की नगर जिल्हा, म्हणजे तेव्हाचा इंग्रजी मुलूख. सरहद्दीवरच्या बाजारात तासभर घासाघीस करून आकडा ठरायचा आणि मग एकजण हळूच विचारायचा, ‘हाली का कल्दार?’ आणि सगळे पहिल्यापासून! हाली १९५० च्या दशकात गेला. पण मी पाटोद्यात असताना एक वृद्ध गृहस्थ ठेव पावतीवर अंगठा उठवताना हसत हसत विचारत, ‘सायब, कल्दारच हाय ना?’

याच्या उलट मासला आमच्याच कामात दिसे. त्या काळी कर्ज-अनुदानाच्या योजनेत म्हैस घ्यायची तर किंमत आधीच ठरलेली. खरेदी समिती बाजारात जाई, म्हैस पाही, आणि काय आश्चर्य, प्रत्येक म्हैस नेमकी तेवढ्याच किमतीला मिळे. रोडकी असो, धष्टपुष्ट असो. आकडा वरून आला की घासाघीस संपते, आणि घासाघीस संपली की म्हशीकडे कुणी बघत नाही.

आता ज्या सौद्यासाठी हा लेख लिहायला घेतला त्याकडे येतो. सन १९८९, दसऱ्याच्या आधीचा आठवडा. एका ऊसतोड कामगाराला पेटी विकायची होती. पेटी वडिलांची. वडील भजनात वाजवत, ते वारल्यावर हा वाजवू लागला होता. घरात आजारपण झाले होते. मुकादमाची उचल घेतली होती, ती त्यात गेली. आणखी उचल घ्यायची म्हणजे पुढचा हंगामही आधीच विकायचा. त्यापेक्षा पेटी परवडली, असा त्याचा हिशेब, आणि तो बँकेतल्या कुठल्याही हिशेबाइतका पक्का होता. घेणारे त्याच्याच गावचे भजनी मंडळ. मी मधला माणूस. पहिला आकडा मी काढावा, असे दोन्ही बाजूंचे म्हणणे.

मंडळाचे तिघे आदल्या दिवशी संध्याकाळी माझ्याकडे येऊन गेले होते. त्यांनी आपसांत नऊशे रुपये ठरवले होते. पेटी सातशेच्या वर जाणारी नव्हती, हे त्यांना माहीत होते, बुवांनी ती पाहिलेली होती. ‘मग नऊशे देऊन मोकळे व्हा की,’ मी म्हणालो. त्यावर त्यांतले सर्वांत वडीलधारे जे बोलले ते मला अजून शब्दशः आठवते : ‘तसं कसं, सायब? न भांडता दिले तर त्याला कळंल ना.’

दुसऱ्या दिवशी मारुतीच्या देवळात बैठक बसली. मी सहाशे म्हणालो. विकणारा म्हणाला, ‘बाराशेच्या खाली आमच्या आबांचा आत्मा तळमळंल.’ आणि मग मंडळाने त्या पेटीला जे बोलायला सुरुवात केली! भाता फाटका, लाकूड हलके, तिसरी काळी पट्टी आत बसते. एकाने तर भात्यात नाक घालून उंदराचा वास येतो म्हणून सांगितले. विकणारा चिडला, पेटी उचलून निघाला, दारापर्यंत गेला, त्याला परत बसवले. सहाशेचे साडेसहाशे झाले, बाराशेचे हजार. बुवा साडेतीन सप्तके पुन्हा एकदा सावकाश वाजवून बसले. चहा झाला. सातशे झाले, मग ‘देवाच्या नावानं’ पन्नास. दीड तासाने आकडा नऊशेवर आला तेव्हा मंडळाच्या लोकांच्या तोंडावर खरोखर लुबाडले गेल्याचे भाव होते. इतका उत्तम अभिनय मी कुठल्या नाटक कंपनीत पाहिलेला नाही. विकणाऱ्याच्या चेहऱ्यावर मात्र त्या आठवड्यात पहिल्यांदाच थोडे रक्त दिसले. दोनशे रुपये जास्तीचे आले होते, आणि ते त्याने भांडून घेतले होते.

पण सौदा तिथे थांबला नाही. इसार हातात देताना तो म्हणाला, ‘अजून एक. पेटी हितंच देवळात ऱ्हाईल. कुणाच्या माडीवर जायची न्हाई.’ यावर खरी घासाघीस झाली, आणि ती मात्र ठरवून केलेली नव्हती. देवळाला कुलूप नाही, पावसात गळते, पेटी खराब होईल, पैसे मंडळाने घातलेत, ती कुठे ठेवायची ते मंडळ बघेल. त्याचे म्हणणे एवढेच, की कुणाच्या घरात गेली तर मला वाजवायची असली तर त्या घराच्या पायऱ्या चढाव्या लागतील. कुणाच्या घराच्या, ते तो बोलला नाही. बोलायची गरज नव्हती. शेवटी पन्नास रुपये कमी करून ती अट मान्य झाली. साडेआठशे आणि देऊळ. मंडळाने त्या पन्नासांतून देवळात एक लाकडी फळी आणि कडी-कुलूप बसवले. एक किल्ली बुवांकडे राहिली. दुसरी त्याने मागितली आणि ऊसतोडीला जाताना बायकोच्या बटव्यात घालून नेली. कारखान्यावर त्या किल्लीचा काय उपयोग, हे त्याला कुणी विचारले नाही.

असे सगळेच सौदे होत नव्हते, हेही सांगितले पाहिजे. दसऱ्याच्या आधी तालुक्यात फिरून जुन्या वस्तू उचलणारे लोक होते. निघायच्या घाईत असलेल्या माणसाकडून भांडी, सायकल, पेटी, पखवाज मिळेल त्या भावाने घ्यायचे आणि चैत्रात, लोक परतल्यावर, सप्ताहाच्या तोंडावर दुपटीने विकायचे. ते घासाघीस फार थोडी करत. एक आकडा सांगत आणि गाडीवर बसून राहत. ज्याला उद्या पहाटे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चढायचे आहे त्याच्याजवळ घासाघिशीला वेळ कुठला? भाव करायला दोघांकडेही थोडी सवड असावी लागते. ज्याच्याकडे ती नाही त्याने कितीही तोंड वाजवले तरी तो भाव करत नसतो, विनवणी करत असतो. दुष्काळात बैलबाजारात हेच दिसते. १९७२ च्या आठवणी सांगणारे लोक त्या वर्षीच्या भावांविषयी बोलतच नाहीत. ‘दावणी रिकाम्या झाल्या’ एवढेच म्हणतात.

गेल्या वर्षी पुण्यात भाच्याच्या मुलाला गिटार घ्यायची होती. जुनी, कारण नवीला त्याचे वडील तयार नव्हते. मोबाईलवर गिटारचे फोटो होते, खाली किंमत. या मुलाने वस्तू न पाहताच पहिला संदेश पाठवला : ‘लास्ट प्राइस?’ पाटोद्यात ज्या प्रश्नावर दीड तासाने यायचे तिथे हे लोक पहिल्या सेकंदाला येतात! पलीकडूनही तितकेच कोरडे उत्तर आले. सात हजार, फिक्स्ड. मी म्हणालो, आपण बघायला तर जाऊ.

विकणारा इंजिनिअरिंगचा विद्यार्थी होता, परभणीकडचा, खोलीवर राहणारा. गिटार मला वाजवता येत नाही. पण बुवांच्या पद्धतीला वाद्याचे बंधन नाही. मी मान एका डोळ्याने नेमून पाहिली, बंदुकीवर पाहतात तशी. थोडी वाकली होती. तारा पट्टीपासून वर उचललेल्या होत्या. म्हणजे बोटे दुखणार. पहिल्या तीन-चार घरांतल्या धातूच्या पट्ट्यांवर तारांनी खाचा पाडलेल्या होत्या. हा मुलगा तीच तीन-चार सुरावटी वाजवत असणार हे उघड होते, तसे मी म्हटलेही. तो हसला. तिथून बोलणे सुरू झाले. लाकूड चांगले होते. गिटारचे लाकूड जुने झाले की आवाज सुधारतो असे तो म्हणाला, म्हणजे त्याच्याकडेही जर्मन सूर होतेच. मी मानेचे बोलत राहिलो, तो लाकडाचे. भाच्याचा मुलगा संकोचाने मोबाईलमध्ये तोंड घालून बसला होता.

मधेच त्या विद्यार्थ्याने मला गाव विचारले. पाटोद्याला नोकरीत होतो म्हटल्यावर म्हणाला, आमच्याकडचे लोकही तिकडच्या कारखान्यांना जातात. मग विकण्याचे कारणही सांगितले. शेवटच्या सत्राची फी भरायची होती. त्यानंतर मी मानेविषयी बोलणे चालूच ठेवले, पण आवाज जरा उतरवला. सौदा सहा हजार आठशेला झाला. दोनशे रुपये उतरवले नसते तर ते त्याला विचित्र वाटले असते. खोळ, खांद्याचा पट्टा आणि तारांचा एक न उघडलेला संच त्याने आपणहून वर घातला. मी ‘वर काय?’ विचारण्याच्या आधीच.

जिना उतरताना भाच्याचा मुलगा म्हणाला, ‘आजोबा, दोनशे रुपयांसाठी पाऊण तास?’ मी त्याला गिटार नीट धर म्हणालो, जिना अरुंद होता.